फोकस्टनच्या काकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

वॉल्टर टल या इंग्लिश फुटबॉलपटूवरचा माझा लेख दिवाळी अंकाच्या संपादकांकडे पोहोचला आहे. तुमच्या इच्छेनुसार लेखात तुमचे नाव घातलेले नाही. पण उपकार मात्र चारचौघांत सांगावेत, म्हणून हे पत्र.

टल यांची कारकीर्द नाशिकला बसून जुळवता आली. १९०९ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परकडून पहिल्या श्रेणीत प्रवेश, त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात वर्णावरून झालेली गलिच्छ शिवीगाळ, पुढे नॉर्दॅम्प्टन टाउनकडून शंभराहून अधिक सामने, हे सारे छापील साधनांत मिळते. त्यांचे गाव, म्हणजे इंग्लंडच्या केंट परगण्यातले समुद्रकाठचे तुमचे फोकस्टन, मात्र त्यांत जन्मस्थळाच्या एका ओळीपलीकडे जात नाही.

ती उणीव तुम्ही भरून काढलीत. ॲलनडेल स्ट्रीटवर, जिथे १८८८ साली त्यांचा जन्म झाला, तुम्ही भर पावसात जाऊन आलात आणि रस्त्याची छायाचित्रे पाठवलीत. बार्बाडोसहून आलेले सुतार वडील आणि केंटचीच आई यांचा संसार या भागातला. आई १८९५ मध्ये गेली, वडील १८९७ मध्ये, आणि सावत्र आईला सगळ्या मुलांचे पोट भरणे झेपेना, तेव्हा नऊ वर्षांच्या वॉल्टरची आणि थोरल्या एडवर्डची रवानगी लंडनच्या अनाथाश्रमात झाली. ‘म्हणजे समुद्र त्याच्या वाट्याला तेवढाच आला,’ असे तुम्ही फोनवर म्हणालात. ते वाक्य लेखात जसेच्या तसे घेतले आहे.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याबद्दल तुम्ही जे सांगितलेत, ते तर मला कुठल्याही ग्रंथालयात मिळाले नसते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला निघालेल्या सैनिकांना त्या उताराच्या माथ्यावर पावले आखूड टाकण्याचा हुकूम मिळत असे, हे मी वाचले होते. पण तो उतार किती खडा आहे आणि तुमच्यासारख्या रोज चालणाऱ्या बाईलाही तिथे कठड्याचा आधार का घ्यावा लागतो, हे ऐकल्यावर त्या हुकमाचा अर्थ कळला.

त्याच माथ्यावर गावाचे युद्धस्मारक आहे. लष्करी नियमपुस्तिकेनुसार ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ नसलेल्या माणसाला अधिकारी होता येत नसतानाही मे १९१७ मध्ये टल सेकंड लेफ्टनंट झाले, इटलीत लढले, आणि २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये धारातीर्थी पडले. सहकाऱ्याने प्रयत्न करूनही त्यांचा देह आणता आला नाही, तो पुढेही सापडला नाही. ज्याला थडगेच नाही त्याचे नाव कुठे कोरले आहे हे महत्त्वाचे ठरते, म्हणून स्मारकावरच्या त्या नावाचे तुम्ही पाठवलेले जवळून घेतलेले छायाचित्रच लेखासोबत छापायला दिले आहे.

२०१८ च्या युद्धविरामदिनी किनाऱ्यांवर वाळूत सैनिकांची चित्रे रेखाटली गेली, तेव्हा टल यांचे चित्र स्कॉटलंडमधल्या एअरला निघाले आणि फोकस्टनच्या पुळणीवर कवी विल्फ्रेड ओवेन यांचे, ही तुमची तक्रारही लेखात नोंदवली आहे. ती मला रास्त वाटते.

अंक हाती येताच दोन प्रती टपालाने पाठवतो. काकांना नमस्कार सांगावा.

आपला कृपाभिलाषी,
नाशिकचा एक लेखक