‘सगळं ऐकतो, फक्त रॅप सोडून’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतील स्वतंत्र (‘इंडी’) संगीताच्या छोट्या मैफलींविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडला. त्यातील एक विधान मात्र खटकले. या मैफलींचा श्रोता ‘कोणत्याही चौकटीत न अडकणारा’ असतो, असे लेखात म्हटले आहे. मी याच श्रोत्यांपैकी आहे. नव्वदच्या दशकात रंगभवनातील रॉक मैफली ऐकून शेवटच्या लोकलने ठाण्याला परतणाऱ्यांपैकी. ‘मी सगळं ऐकतो, फक्त रॅप सोडून’ हे वाक्य आमच्यात किती सहज उच्चारले जाते, हे मला चांगले ठाऊक आहे. ठुमरी कळत नसेल तर माणूस ओशाळून गप्प बसतो. रॅप कळत नाही हे मात्र तो आपल्या अभिरुचीचा दाखला असल्यासारखे सांगतो.

गेल्या हिवाळ्यात वाशीतील एका कॅफेत चार कलाकारांची मैफल होती. दुसऱ्या क्रमांकावर गिटार घेऊन गाणाऱ्या मुलीच्या मागे तबला, ड्रम, बास असे सारे काही लॅपटॉपमधून वाजत होते आणि श्रोते तल्लीन होते. त्यानंतर घणसोली गावठाणातील विशीतला एक मुलगा उभा राहिला. त्याचा तालही तशाच लॅपटॉपमधून येत होता, पण माझ्या शेजारचे गृहस्थ ‘यांना एकही वाद्य वाजवता येत नाही’ असे म्हणत कॉफी आणायला उठले. त्यांच्या पाठोपाठ निम्मी खोली उठली, आणि हेही कबूल केले पाहिजे की उठणाऱ्यांत मीही होतो. काउंटरपाशी रांगेत उभा असताना ‘साडेबारा टक्के’ हे शब्द कानावर पडले आणि मी वळलो. सिडकोने संपादित केलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा तो साडेबारा टक्क्यांचा भूखंड, ज्यामागे 1984 साली जासई परिसरात झालेले आंदोलन आणि पाच शेतकऱ्यांचे बलिदान आहे, तो या मुलाने आगरी वळणाच्या मराठीत आजोबांच्या तोंडी घातला होता. ‘टक्के’ला तो आधी ‘धक्के’ जोडत होता, मग ‘पक्के’; आणि तिसऱ्या वेळी यमकाची जागा रिकामी सोडून नुसता ताल चालू ठेवत होता. ती रिकामी जागा ऐकल्यावर मी कॉफी न घेताच परत येऊन बसलो.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याचे कौतुक करायला गेलो आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘तू वस्तीत राहतोस का?’ तो हसला. त्याच्या वडिलांची तीन मजली इमारत आहे, खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत आणि तो स्वतः अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिटारवाल्या मुलीला तिचे घर किती खोल्यांचे आहे, हे विचारण्याचे माझ्या मनातही आले नव्हते.

हा प्रश्न माझ्या डोक्यात कुठून आला, याचा मी नंतर विचार केला. 2019 साली आलेल्या ‘गली बॉय’ या चित्रपटामुळे डिवाइन आणि नेझी यांच्यासारख्या मुंबईच्या रॅपरांच्या कामाकडे घरोघरी लक्ष गेले, हे चांगलेच झाले. पण आमच्यासारख्यांनी त्यातून एवढेच उचलले की, रॅपर म्हटला की गरिबी हवी, आणि ती नसेल तर तो खोटा. याच्याच जोडीला दुसरी एक अट येते. केंड्रिक लमार या अमेरिकी रॅपरला 2018 साली पुलित्झर पारितोषिक मिळाल्यापासून ‘तसा विचारी रॅप असेल तर ऐकतो’ असे म्हणणारे वाढले आहेत. रॉकमधील उथळ गाणी आम्ही उथळ म्हणून सोडून देतो, पण त्यावरून सगळ्या रॉकचा निकाल लावत नाही. रॅपच्या वाट्याला ही सवलत येत नाही. ‘रॅप असूनही शब्द छान आहेत’ या शाबासकीतला ‘असूनही’ मला त्या कॅफेत तीनदा ऐकू आला.

गंमत अशी की, ‘इंडी’ हा शब्द मुळात आवाजाचा नाहीच. गाणे कोणी काढले, याचा आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने 1977 साली उसन्या पैशांवर आपली तबकडी स्वतः काढली, तिला आम्ही आद्य मानतो. त्याच्या चार वर्षे आधी, 11 ऑगस्ट 1973 रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत दोन टर्नटेबलवर तबकड्यांमधले नाचाचे तुकडे लांबवून वाजवले आणि तिथून हिप-हॉप सुरू झाले असे मानतात. त्यामागेही कोणती रेकॉर्ड कंपनी नव्हती. कोणत्याही कंपनीशी करार न करणाऱ्या चान्स द रॅपरला 2017 साली ग्रॅमी मिळाले, तेव्हा आमच्या व्याख्येप्रमाणे त्याच्याइतका ‘इंडी’ दुसरा शोधावा लागला असता.

‘पोवाडा म्हणजे आपला रॅप’ असे म्हणून रॅपला घरात घेण्याची पद्धतही मला फारशी रुचत नाही. त्यात दोघांचेही नुकसान होते. तुलना करायचीच तर कोकणातील शक्ती-तुऱ्याशी करावी. तिथे दोन शाहीर समोरासमोर सवाल टाकतात, टोमणे मारतात आणि जागच्या जागी उत्तर रचतात. असे सामने ठेवले तर तिकीट काढून येणारे चाकरमानी कमी नाहीत. त्यातले कोणी ‘हे कसले गाणे’ म्हणत उठून गेल्याचे मी पाहिलेले नाही.

रॅपमध्ये शिवीगाळ आहे आणि बायकांविषयी किळसवाणे लिहिणारेही आहेत. ते ऐकू नये, त्यावर टीका करावी. माझ्या कपाटातील रॉकच्या जुन्या कॅसेटींमध्येही तसे कमी नाही, इतकेच नमूद करतो.

आपल्या पुरवणीला एक छोटी विनंती आहे. त्याच लेखाच्या शेवटी दिलेल्या आगामी कार्यक्रमांच्या यादीत गिटारवादक आणि गायकांची नावे छापली आहेत, तर रॅप करणाऱ्या तिघांचा उल्लेख ‘व इतर’ असा आहे. पुढच्या वेळी त्यांचीही नावे द्यावीत.

आपला,
एक वाचक, चरई, ठाणे