बँकॉकमध्ये भीती रात्रीची, फसवणूक दिवसाची

संपादक महोदय,
सुट्ट्या लागल्या की बँकॉकला निघणाऱ्या कुटुंबांना घोर असतो रात्री रस्त्यावर लुटले जाण्याचा. पर्यटक फसतो तो मात्र बहुधा भरदिवसा, गोड बोलण्याला. ग्रँड पॅलेसबाहेर नीटनेटक्या कपड्यांतला माणूस सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे, वीस बाटमध्ये टुकटुकने देवळं दाखवतो.’ देवळं घाईत उरकतात आणि टुकटुक थांबते रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानापाशी. तिथे चालकाला कमिशन मिळते; वीस बाट परवडतात ते त्यामुळे! राजवाडा सहसा रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकीटविक्री दुपारी साडेतीनपर्यंत चालते. बंद-चालूची चौकशी थेट फाटकावर करावी.

सुवर्णभूमी विमानतळावर टॅक्सी तळमजल्यावरून, यंत्रातून चिठ्ठी काढूनच घ्यावी. तक्रारीला तीच उपयोगी पडते, त्यामुळे चालकाने मागितली तरी देऊ नये. साध्या गाडीचे मीटर ३५ बाटपासून सुरू होते. वर विमानतळाचे ५० बाट आणि टोल. शहरात कुणी मीटर टाकायला नकार दिला तर हुज्जत न घालता दुसरी टॅक्सी बघावी.

भाड्याच्या स्कूटरसाठी पासपोर्ट तारण ठेवू नये, जुना ओरखडा दाखवून पैसे उकळले जातात. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, तिथे इंग्रजी चालते. सहल कंपन्यांनी तो कार्यक्रमपत्रिकेवर ठळक छापायला काय हरकत आहे?

– एक पर्यटन व्यावसायिक, ठाणे