गाढवाच्या पाठीवरची जखम आणि कलम ३६: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: विधी महाविद्यालयांच्या विधी साहाय्य केंद्रांत प्राण्यांवरील क्रौर्याच्या तक्रारी घेण्याबाबत

महोदय,

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींविषयी निकाल दिला, तेव्हा मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही चार-पाच जणांनी त्या निकालाची छापील प्रत आळीपाळीनं वाचली. भूक-तहान, वेदना, भीती यांपासून प्राण्यांची सुटका आणि त्यांच्या निसर्गधर्माप्रमाणे वागण्याची मुभा, हे सगळं न्यायालयानं कायद्याच्या भाषेत मांडलेलं पाहून आम्ही भारावून गेलो होतो.

त्याच महिन्याच्या अखेरीस नदीकाठानं जाताना मला वाळू वाहणारी गाढवं दिसली. त्यातल्या एकाच्या पाठीवर, गोणी जिथं घासते नेमकी तिथं, तळहाताएवढी उघडी जखम होती. तिच्यावर माश्या बसत होत्या आणि तिच्यावरच ओल्या वाळूच्या गोण्या लादल्या जात होत्या. दुपारचा एक वाजला असेल.

त्या दिवशी मला फक्त वाईट वाटलं. तिथं काय काय बेकायदेशीर चाललं होतं, ते पुढं कळलं. जखमी जनावराला कामाला जुंपणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. ओढकामाच्या आणि भारवाहू जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांनुसार गाढवाच्या पाठीवर ५० किलोंपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावता येत नाही. एवढा नेमका नियम आपल्याकडे साठ वर्षांपासून आहे. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख माझ्या कानावर एकदाही आला नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतली गेली आणि गुन्हा अदखलपात्र असल्यानं न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येणार नाही, असं सांगण्यात आलं. ते कायद्याला धरूनच होतं. कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. मारहाण, उपासमार, जखमी जनावराकडून काम करून घेणं, सगळं त्यात आलं. पुढं काय करायचं हे मात्र कुणी सांगितलं नाही. मी अर्ज लिहिला, तो दुरुस्तीसाठी परत आला, पुन्हा लिहिला. मध्ये परीक्षा झाली. ऑगस्टच्या अखेरीस न्यायालयातल्या एका कर्मचाऱ्यानं माझा कागद चाळला, तारीख पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, मुदत गेली."

कलम ३६. या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. एनसीची नोंद म्हणजे खटला नव्हे. मी पहिल्याच आठवड्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे थेट खासगी फिर्याद दाखल करू शकले असते. कायद्याची विद्यार्थिनी असून मला ते ठाऊक नव्हतं. मी पुन्हा नदीकाठी गेले, तर वाळूचा ठेका संपलेला होता आणि माणसं पांगली होती. गाढवाचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

महोदय, आज मी वकिली करते आणि तासिका तत्त्वावर शिकवते. माझी आपल्याकडे एकच मागणी आहे. राज्यातल्या प्रत्येक विधी महाविद्यालयाचं विधी साहाय्य केंद्र प्राण्यांवरील क्रौर्याच्या तक्रारी हाताळू लागावं.

नवी इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात असं केंद्र असणं बंधनकारकच आहे. त्याच नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. स्वयंसेवी संस्थांमधलं कामही त्यात धरलं जातं. शिवाय २००१ च्या केंद्रीय नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असं सांगितलं आहे. सोसायटीला कायद्याचं काम करणारी माणसं हवी असतात, विद्यार्थ्यांना इंटर्नशिपची जागा हवी असते. या दोघांची गाठ आजवर कुणी घालून दिली नाही. किती इंटर्नशिपा फायली उचलण्यात आणि सही-शिक्का मिळवण्यात जातात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

बार कौन्सिल आपल्या अखत्यारीत येत नाही, हे मी जाणते. पण विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना आपला विभाग परिपत्रक काढू शकतो. राज्य विधी सेवा प्राधिकरणाशी बोलू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात महाविद्यालयांतली अशी केंद्रं वाढवणं हे प्राधिकरणांच्या कामात मोडतं, तेव्हा ते दारही बंद नाही.

विद्यार्थी न्यायालयात उभे राहू शकत नाहीत, मग ते करणार काय, असं मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं होतं. प्राण्यांवरील क्रौर्याची प्रकरणं बहुतेक वेळा युक्तिवादापर्यंत पोहोचतच नाहीत, ती कागदावरच मरतात. घटनेची तारीख आणि वेळ लिहिलेली नसते. पशुवैद्यकीय दाखला घेतलेला नसतो. पंचनाम्यात जखमेचं वर्णन "जखम आढळली" एवढ्या दोन शब्दांत असतं. फोटो कुणी, केव्हा काढला याचा पत्ता नसतो. जनावर जप्त झालं तर त्याला ठेवायचं कुठं आणि खर्च कुणी करायचा, यावर सगळं अडतं. वास्तविक कलम ३५ प्रमाणे न्यायदंडाधिकारी जनावराला उपचारासाठी पाठवू शकतात आणि तो खर्च मालकाकडून घेता येतो. ही सगळी कामं विद्यार्थी करू शकतात, आणि थकलेल्या वकिलापेक्षा नीट करतात.

आमच्याकडे पाच विद्यार्थी दोन वर्षांपासून हे काम आपणहून करत आहेत. त्यांनी एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक तक्रारीपुढे लाल शाईत एकच तारीख असते: तीन महिने कधी संपतात ती. मी सांगितलं नव्हतं. माझी गोष्ट ऐकल्यावर त्यांनीच तो रकाना आखला.

एक आक्षेप मी नेहमी ऐकते: माणसांनाच वकील मिळत नाही, तिथं जनावरांचं काय घेऊन बसलात? तो रास्त आहे. म्हणून सांगते, वाळूवाल्या त्या गाढवाच्या मालकाच्या पायातही चप्पल नव्हती. ऊसतोडीच्या हंगामात गाडी वाजवीपेक्षा जास्त भरली जाते तेव्हा बैलाच्या खांद्याला येणारी गाठ आणि गाडीवानाच्या डोक्यावरची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, यांचा एकमेकांशी संबंध असतो. वर्गात बसून हे दिसत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी अशाच एका मालकावर फिर्याद न करता पशुधन विकास अधिकाऱ्यांना तिथं नेलं, जखमेवर उपचार करवले, जनावराला पंधरा दिवस विश्रांती मिळवून दिली आणि त्या काळातली मजुरी कशी भरून काढता येईल यासाठी ग्रामपंचायतीत खेटे घातले. खटला कधी घालायचा आणि कधी नाही, हे ती मुलं तिथं शिकली. मला ते वकिलीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी उमजलं.

जिथं शिक्षा व्हायलाच हवी तिथं काय होतं, तेही आपल्यापुढे ठेवते. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा १९६० चा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून ज्या कायद्याची वाट मोकळी केली, त्याची दंडाची रक्कम कित्येक दशकं जागची हललेली नाही. २०१४ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेत वाढ होण्याची अपेक्षा व्यक्त केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, पुढं गाडी सरकली नाही. उलट १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंडसंहितेतलं कलम ३७७ गेलं. त्याबरोबर प्राण्यांवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा देणारी तरतूदही गेली, आणि नव्या संहितेत तिची जागा कशानंही घेतली नाही. ही उणीव मला आमच्याच एका विद्यार्थिनीनं दाखवली. एक तक्रार लिहिताना कोणतं कलम लावायचं म्हणून ती रात्रभर शोधत होती. प्राण्यांवरील क्रौर्य हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्यालाही इथं काही करता येतं. महाराष्ट्रानं बैलगाडा शर्यतींसाठी याच कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती केली आणि ती १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं वैध ठरवली. त्या दुरुस्तीविषयी माझं मत वेगळं आहे. पण इच्छा असली की राज्य हा कायदा बदलू शकतं, एवढं तिनं दाखवून दिलं.

आणि भाषा. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात प्राणी कायद्याचं स्वतंत्र केंद्र आहे, पदविका अभ्यासक्रम आहे. चांगलंच आहे. पण तालुक्याच्या न्यायालयात फिर्याद, पंचनामा, जबाब सगळं मराठीत चालतं, आणि तिथं वकिली करणारी मुलं-मुली मराठीतून शिकलेली असतात. त्यांच्यासाठी कलम ११, १९६५ चे भारवाहू जनावरांचे नियम, १९७८ चे वाहतुकीचे नियम, जप्त जनावरांच्या देखभालीचे २०१७ चे नियम आणि भटक्या कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाचे २०२३ चे नियम एकत्र, साध्या मराठीत हवेत. २०२५ च्या जुलैमध्ये नांदणीच्या मठातल्या हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशानं हलवण्यावरून कोल्हापूर जिल्हा पेटला होता. त्या दिवसांत माझ्या वर्गात मी विचारलं, उच्च न्यायालयाचा आदेश कुणी वाचलाय? साठातले दोन हात वर आले. मतं मात्र सगळ्यांची होती. मी तो आदेश परिच्छेदागणिक मराठीत सांगितला. त्या तासाला कुणी उठून गेलं नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी खासगी फिर्यादीचा मराठी नमुना तयार केला आहे. त्याला पशुवैद्यकीय दाखल्याचा तक्ता आणि तीन महिन्यांच्या मुदतीची सूचना जोडली आहे. आपण अर्धा तास दिलात तर तो घेऊन ते स्वतः मंत्रालयात येतील. नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. परिपत्रक मे अखेरपर्यंत निघालं, तर इंटर्नशिपच्या वाटपात ते याच वर्षी बसू शकेल.

आपली विश्वासू,
एक वकील आणि विधी महाविद्यालयातली तासिका तत्त्वावरील अध्यापक

प्रत माहितीसाठी: मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य