फिर्यादी शाळा असावी, शिक्षक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालकाने शिक्षकाला मारल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी संघटनांची निवेदने निघतात. डॉक्टरांसाठी २०१० साली कायदा झाला, पत्रकारांसाठी २०१७ साली झाला, मग आमच्यासाठी का नाही, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. पण खासगी अनुदानित शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवल्यावर माझी मागणी जरा वेगळी आहे.

नववीच्या घटक चाचणीत एका मुलाकडे मोबाइल सापडला. मी तो काढून घेतला, हेडसरांच्या कपाटात ठेवला आणि वहीत नोंद केली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत असताना मुलाचे वडील आणि आणखी दोघे थेट वर्गात शिरले. कॉलर धरली, दोन थोबाडीत मारल्या. चष्मा उडून पहिल्या बाकाखाली गेला. पंचावन्न मुले होती, एकाचाही आवाज नाही. एका मुलीने चष्मा उचलून माझ्या हातात दिला. एक काच तडकली होती. तोच घालून मी राहिलेले उदाहरण पुरे केले. का केले, मला आजही सांगता येणार नाही.

नंतर केबिनमध्ये बोलावणे आले. आत चहा आला होता आणि पहिला कप मारणाऱ्याच्या हातात होता. ‘सर, मोठ्या मनानं घ्या. पोलिसांत गेलात तर संस्थेचं नाव जाईल,’ हेडसर म्हणाले. मग कोऱ्या कागदावर मजकूर झाला : ‘सदर प्रकार गैरसमजातून घडला असून माझी काही तक्रार नाही.’

हेडसर दुष्ट नव्हते. त्यांना भीती पटाची होती. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरते. चार पोरे दाखला काढून शेजारच्या शाळेत गेली की तुकडी जाते आणि कुणीतरी अतिरिक्त ठरतो. वरून चेअरमनचा फोन. अशा वेळी मार खाल्लेला शिक्षक गप्प बसवायला सगळ्यात सोपा. पालकाला मात्र त्या दिवशी नीट कळते की या शाळेत मास्तरवर हात टाकला तर वर चहा मिळतो.

पुढे बदली होऊन मी त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत गेलो. तिथे एका शिक्षणसेवकाला एका पालकाने व्हरांड्यात ढकलून पाडले. कोपर सोलले होते, बाकी काही नाही. ‘मिटवून टाकू बाई’ असे आम्हीच सांगत होतो. मी स्वतःही त्यात होतो, लपवत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी आधी पाहिलेल्या दोघांचे जबाब लिहून घेतले, शाळेचा शिक्का पिशवीत टाकला आणि शिपायाच्या स्कूटरवर मागे बसून पोलीस ठाणे गाठले. ठाणे अंमलदार म्हणाले, ‘ज्याला लागलंय त्याला पाठवा, एन.सी. घेतो,’ म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. बाई म्हणाल्या, ‘तो देईलच. पण हे माझ्या शाळेत घडलंय, आधी माझं घ्या.’ संध्याकाळी सातपर्यंत त्या बाकड्यावरून उठल्या नाहीत. रात्री गुन्हा दाखल झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलाच्या घरी निरोप गेला : मुलाला शाळेत पाठवा, त्याचा काही दोष नाही. मुलगा आला, दहावी तिथूनच पास झाला. पटावरचे एकही नाव कमी झाले नाही.

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य खात्याने आदेश काढला : ड्युटीवरील कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेच्या वतीने एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. शालेय शिक्षण विभागाने असेच एका पानाचे परिपत्रक काढावे, एवढेच मागणे आहे. कपाटभर परिपत्रके शाळेत येतात, त्यात हे एक. फायदा हेडसरांचाही आहे. चेअरमनचा फोन आला तर ‘साहेब, नियमच तसा आहे’ म्हणता येईल.

शिक्षकही मारतात, त्याचे काय, असे कुणी विचारेल. विचारावेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि ती योग्य आहे. त्याआधीच्या काळात छडी मीही चालवली, त्याचा अभिमान नाही. पण त्या मोबाइलवाल्या मुलाला मी बोटही लावले नव्हते.

तो ‘गैरसमजातून’वाला कागद अजून शाळेच्या फायलीत असेल. मजकूर हेडसरांचा आहे, सही माझी.

– एक निवृत्त गणित शिक्षक, बार्शी (जि. सोलापूर)
(नाव छापू नये, ही विनंती.)