बाबांच्या दोन रिपोर्टांविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी लालबागला आलो तेव्हा बाबांनी स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकर मारून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीचे, दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून १.४२ आणि १.३६ या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. मी काही बोलण्याआधीच "उतार लागला" म्हणून विषय संपवला गेला, म्हणून हे पत्र.

बाबा, छाती भरून श्वास घेऊन जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जेवढे लिटर हवा बाहेर पडते, तो हा आकडा. निरोगी माणसाचाही तो तिशीनंतर दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने घटतो. सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या तुमच्या या आजारात, विशेषतः विडी चालू असेल तर, ही घट दुप्पट होऊ शकते. मात्र एकाच बैठकीतल्या दोन चांगल्या फुंकरींत १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक चालवून घेतात, तेव्हा ६० मिलिलिटरवरून उताराचा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. त्यासाठी काही वर्षांचे रिपोर्ट ओळीने पाहावे लागतात.

गेलेले परत येणार नाही, हे मी लपवत नाही. गिरणीतल्या कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात सुट्टीनंतर सोमवारी पाऊल टाकले की तुमची छाती आवळायची, असे आई सांगते. कापसाच्या त्या धुळीचाही यात वाटा असू शकेल. पण फ्लेचर आणि पीटो या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या कामगारांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९७७ मध्ये मांडले, की धूम्रपान सोडल्यावर घसरणीचा वेग जवळजवळ न ओढणाऱ्याइतका होतो. तुम्ही २००९ मध्ये विडी सोडलीत, त्याचे मोल या कागदावर दिसत नाही एवढेच.

मला काळजी आहे ती ऑगस्टमधल्या आजारपणाची. असा प्रत्येक मोठा झटका फुप्फुसांना एक पायरी खाली नेऊ शकतो, आणि पुष्कळदा ती पायरी पुन्हा चढता येत नाही. त्याआधी पंधरा दिवस श्वासाच्या पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा ६४ वरच थांबला होता, म्हणजे तुम्ही पंप घेतच नव्हता, हे आईने मला सांगितले (तिच्यावर रागावू नका). पंपाची सवय लागत नाही, बाबा. बरे वाटते ते त्याच्यामुळेच. डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाने रिपोर्टातला आकडा फारसा हलणार नाही, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत आज तीनदा थांबता, ते कमी होईल.

आई, शनिवारी मी फ्लूच्या लशीसाठी न्यायला येईन. तोवर ट्रंकेतले जुने रिपोर्ट काढून ठेव, आणि बाबांची ती पेन्सिलही.

तुमचा,
संजय