पेट्रोलियम जेलीची विनाकारण बदनामी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आपल्या पुरवणीत त्वचेची निगा कशी राखावी यावर लेख येतोच. यंदाच्या लेखात पेट्रोलियम जेलीवर चांगलंच तोंडसुख घेतलं आहे. ती म्हणे रिफायनरीचा कचरा, ती त्वचेला श्वास घेऊ देत नाही, तिच्यामुळे कर्करोग होतो आणि युरोपात तिच्यावर बंदी आहे. माझी उभी हयात औषधाच्या दुकानात गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी कचऱ्याचं बघू. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला तेलाची विहीर लागली. पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा चिकटा साचायचा आणि कामगार वैतागायचे; पण हात कापला किंवा भाजला की तोच चिकटा लावायचे. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध करून १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेच व्हॅसलीन, म्हणजे आपली पेट्रोलियम जेली. (हे गृहस्थ ती रोज चमचाभर खायचे असं सांगतात. जगले ९६ वर्षं. म्हणून कुणी चमचा हातात घेऊ नये.) मूळ कच्चा माल खनिज तेलाचा, हे खरंच आहे. पण मळीपासून केलेल्या स्पिरिटने डॉक्टर इंजेक्शनआधी दंड पुसतात, तेव्हा साखर कारखान्याचा कचरा अंगाला लावला म्हणून कुणी ओरडत नाही.

कर्करोगाच्या भीतीला मात्र थोडा आधार आहे. कच्च्या खनिज तेलात पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगं असतात आणि त्यातली काही कर्करोगकारक आहेत. शुद्धीकरणात तीच काढून टाकायची असतात. युरोपातला नियमही तेवढाच आहे: शुद्धीकरणाचा सगळा तपशील ठाऊक असेल आणि मूळ माल कर्करोगकारक नाही हे दाखवता येत असेल, तर पेट्रोलेटम, म्हणजे हीच जेली, प्रसाधनात बिनदिक्कत वापरता येतं. फॉरवर्ड होत होत त्यातली अट गळाली आणि बंदी तेवढी उरली. औषधी दर्जाची जेली म्हणजे व्हाइट सॉफ्ट पॅराफिन. डोळ्यांत घालायचं मलम घरात असेल तर त्याच्या खोक्यावरचा बारीक मजकूर वाचून पाहा. बहुतेकांचा पाया याच पॅराफिनचा असतो. जे बुबुळाला चालतं, ते टाचेला का चालू नये?

त्वचा नाकासारखी श्वास घेत नाही. तिच्यातून पाणी मात्र सतत उडत असतं आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते जास्त उडतं. म्हणून हातपाय उलतात, ओठ फुटतात. जेली स्वतः ओलावा देत नाही, आहे तो अडवते, आणि त्या कामात तिचा हात धरणारं दुसरं स्वस्त द्रव्य मला तरी ठाऊक नाही. म्हणून ती लावायची आंघोळीनंतर, अंग टिपून किंचित ओलसर असतानाच, आणि अगदी पातळ. दुपारी खडखडीत कोरड्या पायांवर थापायची आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणायचं, हे काउंटरवर नेहमीचंच. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, टिपून, जेली लावून सुती मोजे घाला आणि आठवडाभराने टाचा बघा.

जखमेचंही तसंच. साध्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर पांढरी जेली आणि बॅसिट्रासिन हे प्रतिजैविक मलम यांची तुलना करणारा अभ्यास १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता. जंतुसंसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही; अ‍ॅलर्जी झाली ती मलम लावणाऱ्यांतल्या काहींना. आपल्याकडे मात्र गुडघा खरचटला तरी ‘अँटिबायोटिकची ट्यूब द्या’.

लेखात ज्या सावधगिरीच्या गोष्टी यायला हव्या होत्या, त्यातली एकही आली नाही. भाजल्याबरोबर जेली लावू नये. आधी किमान १० मिनिटं, जमल्यास २०, वाहत्या साध्या पाण्याखाली धरावं. नाकपुडीच्या आत महिनोन् महिने लावू नये, ती श्वासावाटे फुप्फुसात उतरून विकार होऊ शकतो. मधुमेह्यांनी टाचेला जरूर लावावी, पण बोटांच्या बेचक्यांत नको. गजकर्णावर लावून ते बरं होत नाही. निरोधबरोबर जेली वापरू नये, रबर कमकुवत होऊन फाटतं. हे आमच्या दुकानात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. आणि थंडीत सगळ्यात महत्त्वाचं: जेली मुरलेलं कापड भरकन पेट घेतं. पायांना लावून, वर गोधडी घेऊन शेकोटीला खेटून बसणाऱ्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा.

लेखिकेने जेलीऐवजी नैसर्गिक बाम सुचवला आहे. कोकमाच्या तेलाला, तळकोकणातल्या भिरंडेलाला, माझी ना नाही. त्याची वडी दिव्यावर धरून भेगेत थेंब सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्याचा गुण येतोही. पण त्याच कोकमाच्या तेलात दोन सुवासिक अर्क मिसळून चिमुकली डबी शेकड्यात विकायची, हा निसर्ग मला परवडत नाही. शिवाय नाजूक त्वचेला खाज सुटते ती बऱ्याचदा या सुवासानेच. बिनवासाच्या जेलीची अ‍ॅलर्जी फारच विरळा.

पुढच्या पुरवणीत चार ओळींची जागा असेल तर एवढंच छापा: डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत बघून घ्या, शक्यतो बिनवासाची, आणि मिळाली तर ‘आय. पी.’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाची भारतीय संहिता) लिहिलेली पांढरी सॉफ्ट पॅराफिन घ्या. सुटी पिवळी जेली कितीही स्वस्त मिळाली तरी ती सायकलच्या साखळीला ठेवा.

कळावे.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, कराड