मित्रास पत्र : बेटांच्या विमानाआधीचा परवाना

पुणे, ८ फेब्रुवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मे अखेरीस मीराच्या सुट्टीत तुम्ही तिघे इक्वेडोरला आणि तिथून पुढे गॅलापॅगोस बेटांवर जात आहात, हे वाचून मनापासून आनंद झाला. वहिनींचे कासवांचे वेड इतकी वर्षे आपण सगळे थट्टेवारी नेत आलो, त्याची भरपाई एकदाची होईल. मात्र तू जाता जाता लिहिले आहेस की व्हिसाचे काम मार्गी लागले, पुढचे विमान देशांतर्गत असल्यामुळे त्याचे काही बघायचे उरलेले नाही, पुण्याहून नागपूरला जावे तसे बसायचे आणि उतरायचे. ते वाचल्यावर मला राहवले नाही, म्हणून लगेच उत्तराला बसलो. मुख्य भूमीवरच्या किटो किंवा ग्वायाकिल शहरातून बेटांकडे जाणारे विमान कागदोपत्री देशांतर्गत असले, तरी त्यात पाऊल ठेवण्याआधी वेगळा परवाना काढावा लागतो. तो तुझ्यासारख्या परदेशी पाहुण्याला लागतो आणि ग्वायाकिलमध्ये जन्मलेल्या, हयात तिथेच काढलेल्या इक्वेडोरच्या नागरिकालाही लागतो.

या परवान्याचे स्पॅनिश नाव लांबलचक आहे, पण विमानतळावर सगळे त्याला आद्याक्षरांनी ‘ते-से-ते’ म्हणतात, आणि जुनी मंडळी अजून ‘इंगाला’ म्हणतात, कारण पूर्वी तो त्या नावाची संस्था देत असे. आता तो बेटांचा कारभार पाहणारी शासकीय परिषद देते. माणशी २० डॉलर पडतात. आधी परिषदेच्या संकेतस्थळावर पासपोर्टचा क्रमांक, जाण्यायेण्याच्या विमानांचे तपशील आणि राहण्याच्या जागेची नोंद भरायची आणि मग विमानतळावरच्या खिडकीपाशी पैसे भरून परवाना घ्यायचा, अशी पद्धत मी गेलो तेव्हा होती. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त ६० दिवस राहता येते. परतीचे तिकीट नसेल तर परवाना मिळत नाही. हॉटेलचे आरक्षण, क्रूझची पावती किंवा तिथल्या रहिवाशाचे निमंत्रणपत्र यांपैकी एक काहीतरी दाखवावेच लागते, तेव्हा ‘तिथे गेल्यावर बघू’ ही तुझी नेहमीची पद्धत या वेळी बाजूला ठेव.

ग्वायाकिलच्या विमानतळावर कोणत्या खिडकीपाशी कशानंतर जायचे याचा क्रम ठरलेला आहे, आणि लोक अडकतात ते तिथेच. आपल्याला सवय अशी की आत शिरले की थेट विमान कंपनीच्या काउंटरकडे जायचे, सामान टाकायचे आणि हात मोकळे करायचे. तिथे कंपनीचा माणूस आधी परवाना आणि सामानावरचे सील मागतो, आणि ते नसेल तर पुन्हा मागच्या टोकाला धाडतो. आमच्यापुढे एक मोठे कुटुंब असे धाडले गेले. आजीबाई चाकाच्या खुर्चीत, पोरे पेंगुळलेली आणि गाड्यावर डोंगराएवढे सामान, अशी ती वरात सगळी रांग ओलांडून परत जाताना पाहून वाईट वाटले. खरा क्रम असा की प्रथम परवान्याची खिडकी, त्यानंतर जैवसुरक्षा विभागाची तपासणी आणि सर्वांत शेवटी विमान कंपनी. विमानाच्या वेळेआधी अडीच तास पोहोचलास तर घाई होणार नाही. आणि माद्रिदहून येणाऱ्या विमानाला जोडून त्याच दिवशीचे बेटांचे विमान चुकूनही घेऊ नकोस. ग्वायाकिलला एक रात्र काढ.

त्या मधल्या तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या घरातून निघणाऱ्या बॅगांमध्ये काय काय असते ते मी जाणतो. प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते आणि शंका आली तर टेबलावर उघडली जाते. आमच्या वेळी टेबलामागे हातमोजे घातलेल्या एक बाई होत्या. त्यांनी आमच्याआधीच्या तरुणाच्या पिशवीतून दोन संत्री आणि कागदात बांधलेले एक आंब्याचे रोप काढले. संत्री पेटीत टाकली, आणि रोप मात्र उलटेसुलटे करून मुळांशी चिकटलेली माती बराच वेळ पाहिली व कसलाही आवाज न चढवता बाजूला ठेवले. तरुण काही बोलला नाही, तोही तिथलाच असावा. तपासलेल्या बॅगेच्या चेनच्या दोन्ही टोकांतून प्लॅस्टिकची पट्टी ओवून ती आवळून टाकतात, आणि मग ती बॅग बेटावर उतरेपर्यंत उघडायची नसते. म्हणून औषधे, मीराचा स्वेटर आणि चार्जर आधीच हातातल्या पिशवीत काढून ठेवा. ताजी फळे, बिया, रोपे आणि माती यांना सक्त मनाई आहे. तेव्हा वहिनींना सांग की मेथीदाणे, मोहरी, कढीपत्त्याची डहाळी आणि बियांसकट वाळलेल्या मिरच्या यांना या प्रवासात सुट्टी द्यावी. कारखान्यात बंद केलेल्या पाकिटांना सहसा हरकत घेत नाहीत, पण सामानात काय आहे ते लिहून द्यायचा एक जाहीरनामा असतो, त्यात चिवडा असला तर चिवडा लिहावा. बुटांच्या तळव्यांत अडकलेला सिंहगडाचा चिखल घरीच धुऊन टाक.

हे सगळे ऐकून तू म्हणशील की एवढा बडिवार कशासाठी, आणि करायचाच तर बेटावर उतरल्यावर का करत नाहीत. मला या सगळ्या व्यवस्थेतले खरे शहाणपण तिथेच दिसते. ही बेटे किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहेत, आणि तिथले प्राणी व वनस्पती इतके वेगळे झाले ते या अंतरामुळेच. एकदा एखादे बी किंवा किडा तिथल्या जमिनीवर उतरला की त्याला परत पाठवता येत नाही. म्हणून त्याला समुद्राच्या अलीकडेच थांबवायचे, आणि ज्या माणसाचा मुक्काम किती याचा हिशेब लागत नाही त्यालाही तिथेच थांबवायचे. बेटावर उतरलेल्या प्रवाशाला माघारी धाडायचे म्हणजे विमानात जागा शोधा, खर्च कोणाचा यावर भांडा आणि तोवर त्याला कुठेतरी ठेवा. ग्वायाकिलमध्ये त्याला फक्त रांगेतून बाजूला व्हायला सांगायचे असते.

काय घडू शकते याची उदाहरणे तिथे उघड्या डोळ्यांना दिसतात. सांता क्रूझ बेटाच्या वरच्या अंगाला पेरू माजला आहे, सिंकोनाची झाडे पसरली आहेत, आणि आपल्याकडच्या डोंगराळ भागात आढळणारी, म्हैसूर रास्पबेरी म्हणून ओळखली जाणारी काटेरी झुडपेही कोणीतरी शेतीसाठी नेली, ती आता मूळ झाडोऱ्याला गुदमरवत आहेत. आपल्या देशाच्या झुडपाचा तिथे शत्रू म्हणून उल्लेख ऐकताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, याला काही अर्थ नाही हे मान्य. फिलोर्निस नावाच्या एका माशीच्या अळ्या फिंच पक्ष्यांच्या घरट्यात राहून पिलांचे रक्त शोषतात, आणि खारफुटीत राहणारा फिंच तर आता शंभराच्या आसपासच उरला आहे. बोकड-शेळ्यांचे तर विचारूच नकोस. इसाबेला आणि सांतियागो या बेटांवरून त्या हटवण्यासाठी १९९७ ते २००६ अशी मोहीम चालली, हेलिकॉप्टरे वापरली गेली आणि लाखाहून अधिक जनावरे मारावी लागली. दोन संत्री पेटीत टाकणे त्यापुढे फार स्वस्त पडते.

माणसांचा हिशेब ही या परवान्याची दुसरी बाजू आहे. बेटांचे राष्ट्रीय उद्यान १९५९ मध्ये झाले आणि १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी निघाली तीत त्यांचे नाव होते. पुढे पर्यटन वाढले, समुद्रकाकडी या सागरी प्राण्याच्या मासेमारीत पैसा दिसला आणि मुख्य भूमीवरून पोटासाठी माणसे येऊ लागली. १९९८ मध्ये बेटांसाठी खास कायदा झाला आणि आपल्याच देशातल्या नागरिकाला तिथे वाटेल तेव्हा जाऊन घर थाटता येणार नाही असे ठरले. २०१५ च्या जनगणनेत बेटांवर २५ हजारांहून थोडे अधिक लोक होते. आम्हांला सांता क्रूझवर नेणारा टॅक्सीवाला कंत्राटावर आलेला होता, कंत्राट संपले की त्याला परतावे लागणार होते, आणि त्याची बहीण मात्र तिथल्या रहिवाशाशी लग्न करून कायमची झाली होती. हे सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रारही होती आणि बाहेरच्यांची गर्दी नको असाही सूर होता. माणूस दोन्ही एकाच वेळी म्हणू शकतो.

आपल्याला हे अगदीच परके वाटायचे कारण नाही. कोचीहून अगत्तीचे विमान पकडायचे तर लक्षद्वीपचा प्रवेश-परवाना आपल्यालाही आधी काढावा लागतो, आणि नागालँडमधल्या दिमापूरला उतरायचे तर इनर लाइन परमिट लागते. आपल्या देशात आपल्यालाच परवाना कशाला, असे म्हणून तू मागे चिडला होतास, ते आठवले.

विमानात फार काही विशेष नाही. उतरण्याच्या थोडे आधी कर्मचारी डोक्यावरचे कप्पे उघडून कीटकनाशकाचा फवारा मारत जातात. बाल्ट्रा या बेटावरच्या विमानतळावर उतरल्यावर परवाना पुन्हा दाखवायचा आणि उद्यानाचे प्रवेशशुल्क भरायचे. हे शुल्क परवान्याहून वेगळे आहे, हे नीट लक्षात ठेव, कारण प्रवास कंपन्यांच्या पत्रकांत दोन्ही ‘बेटांचे शुल्क’ या एकाच नावाखाली घातलेले असतात आणि कधी त्यातले एकच किमतीत धरलेले असते. पंचवीसहून अधिक वर्षे परदेशी प्रौढाला १०० डॉलर होते, ते १ ऑगस्ट २०२४ पासून २०० झाले. बारा वर्षांखालील मुलांना १०० आहेत, म्हणजे तुम्हां तिघांचे ५०० होतील. रक्कम रोख घेतात. देशाचे चलन अमेरिकन डॉलरच असल्यामुळे बदलून घ्यायची भानगड नाही, पण फाटक्या, मळक्या नोटा कोणी घेत नाही, म्हणून इथून जातानाच कोऱ्या आणि शक्यतो वीस-वीसच्या घे. पुढे इसाबेलाच्या धक्क्यावर आणखी १० डॉलर द्यावे लागतात. सामान मिळायच्या आधी बॅगा ओळीने मांडतात आणि हुंगणारा कुत्रा त्यांच्यावरून फिरतो. मीराला तो सर्वांत आवडेल, पण त्याला हात लावू देणार नाहीत, हे तिला आधीच सांगून ठेव.

आता माझे मत विचारशील तर शुल्काबद्दल माझी तक्रार नाही. तो पैसा उद्यान, नगरपालिका, परिषद आणि जैवसुरक्षा विभाग यांच्यात वाटला जातो. माझी शंका वेगळी आहे. परवान्यामुळे कोण आले, कधी आले आणि कधी गेले याची नोंद चोख राहते, पण वर्षाला किती यावेत याला त्या नोंदीने मर्यादा घातली असे दिसत नाही. १९८० च्या सुमारास वर्षाला वीस हजारांच्या आत पर्यटक येत, २०२३ मध्ये सव्वातीन लाखांहून अधिक आले. बोटींवर राहणाऱ्यांचे मार्ग उद्यान ठरवून देते आणि बोटींतल्या खाटाही मोजक्या आहेत, त्यामुळे तिथे वाढीला आपोआप लगाम बसला. वाढ झाली ती गावांतल्या हॉटेलांत उतरून रोज फेरफटका मारणाऱ्या आपल्यासारख्यांची. शुल्क दुप्पट केल्याने फार तर खिसा हलका असलेले घरी राहतील. २००७ मध्ये युनेस्कोने या बेटांना धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकले होते आणि २०१० मध्ये बाहेर काढले. ते काढणे घाईचे झाले असे तेव्हाही अनेकांना वाटले होते, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

एक गोष्ट राहिली. विमानाचे तिकीट काढताना भाडे फारच कमी दिसले तर ते इक्वेडोरच्या रहिवाशांसाठीचे असण्याचा संभव असतो, आणि परदेशी पासपोर्ट दाखवला की फरकाची रक्कम काउंटरवर भरावी लागते. परवाना परतीच्या विमानापर्यंत सांभाळ, जाताना तो पुन्हा पाहतात. शंख, वाळू किंवा लाव्हाचा खडा यातले काहीही बेटावरून बाहेर नेता येत नाही, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर बोटीने जातानाही धक्क्यावर बॅगा उघडतात.

तुझ्या प्रवास कंपनीला एवढेच लेखी विचार की सांगितलेल्या किमतीत परवाना धरला आहे का, उद्यानाचे शुल्क धरले आहे का, आणि संकेतस्थळावरची नोंद ते करणार की तू करायची. उत्तर आले की मला पाठव, मी एकदा नजर टाकीन. परिषदेचे आणि उद्यानाचे दर निघण्यापूर्वी पंधरा दिवस पुन्हा पाहून घे, कारण ते बदलतात. सुनंदाने वहिनींसाठी टोपी आणि मीरासाठी पाण्यात घालायचा चष्मा काढून ठेवला आहे, रविवारी कोणीतरी येऊन घेऊन जा.

वहिनींना नमस्कार, मीराला आशीर्वाद.

तुझा,
अरविंद